टाकून द्यायला दिलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीपाशी नाही, डॉक्टरांपाशी नाही, आणि रविवारी विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथंही मी हा भाग गाळून पुढं जाते. तुमच्याशी बोलते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. विश्रांतवाडीत मला ओळखणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. अडचण तीच आहे.

आमच्या भागात कुणी गेलं की लोक मला बोलावतात. रडायला नव्हे, आवरायला. माझे मिस्टर पोटाच्या कॅन्सरनं गेले, आजारपण फार लांबलं होतं. त्या काळात भाड्यानं आणलेला पलंग कुठं परत करायचा, वॉटरबेड कसा धुऊन वाळवायचा, उरलेले डायपर कुठल्या वृद्धाश्रमाला चालतात, हे सगळं मला पाठ झालं. मग शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा गेले, त्यांच्या सुनेला काही सुचेना, मी गेले आणि दुपारपर्यंत खोली मोकळी करून दिली. तेव्हापासून हे माझं कामच झालं. सरकारी कचेरीत सगळी नोकरी दुसऱ्यांची टेबलं आवरण्यात गेली होती. हात बसलेला होता. लोक म्हणायचे, ताईंसारखं आवरायला कुणाला जमत नाही.

प्रत्येक घरात एक पिशवी निघते. तुमच्याही घरात असेल, बघा कधीतरी. मेडिकलवाल्याच्या पातळ पिशवीत कोंबलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्या. कात्रीनं कापलेली पाकिटं, नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्याच तुकड्यावर, तो तुकडा कधीच गेलेला. घरचे त्या पिशवीकडं बघत नाहीत. एवढी महागाची औषधं टाकवत नाहीत आणि डोळ्यांसमोर ठेववतही नाहीत. शेवटी ती माझ्या हातात यायची. ताई, हे तुम्हीच काय ते करा. टाकून द्या कुठंतरी.

मी टाकत होते. सुरुवातीला खरंच टाकत होते — म्हणजे कचऱ्याच्या डब्यात तशीच, जी काही अक्कल होती तेवढ्या अकलेनं. मग एका घरातून आणलेल्या पिशवीत मिस्टरांना शेवटी द्यायचे त्याच गोळ्या दिसल्या. दुखण्यावरच्या, जड गोळ्या. ती गोळी घेतल्यावर त्यांचा चेहरा कसा सैल पडायचा ते मी कितीतरी वेळा बघितलं होतं. माझे गुडघे दुखत होते, हे खरं आहे. पण गुडघ्यांसाठी मी ती घेतली नाही. घरात एकटी होते आणि मला तो चेहरा हवा होता.

आता तुम्हाला एक गंमत सांगते, म्हणजे हसण्यासारखी नाही. आमच्यात पंचशील घेतात, लहानपणापासून म्हणत आले आहे. त्यातलं दुसरं शील म्हणजे न दिलेलं घ्यायचं नाही. मी त्यावर स्वतःशी वाद घातला, फायलीवर शेरा मारतात ना, तसा. हे तर दिलेलंच आहे. हातात आणून दिलेलं आहे. टाकायला दिलं होतं, हा पुढचा शब्द मी वाचलाच नाही. आणि पाचवं, नशेचं? ते दारू पिणाऱ्यांसाठी. मी तर डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी घेत होते. दुसऱ्या माणसाला लिहून दिलेली, एवढाच काय तो फरक. असं करत मी विहारात पहिल्या रांगेत बसायचे. पांढरी साडी, पर्समध्ये गोळी.

स्वयंपाकघरात एक जुना कुकर होता, शिट्टी हरवलेला. आपल्याकडं असली भांडी कुणी टाकत नाही. त्यात मी जमवत गेले — झोपेच्या, दुखण्याच्या, काही नुसत्याच, ज्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. मेलेल्या माणसांच्या गोळ्या. कुणाची कुठली, हे मला बरोबर आठवायचं आणि तरी घशाखाली उतरायची.

मग श्रावस्ती राहायला आली. माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची, एकुलती एक मुलगी. आम्ही तिला श्रावू म्हणायचो. नंदा वारज्याला राहते, श्रावूला नोकरी लागली खराडीला. वारज्याहून रोज खराडी म्हणजे अर्धं आयुष्य सिग्नलला जायचं, म्हणून आठवडाभर माझ्याकडं आणि शनिवार-रविवार आईकडं असं ठरलं. घरात पुन्हा आवाज आला. कानात हेडफोन घालून ती परदेशातल्या लोकांना सॉरी सॉरी म्हणायची, मग फोन ठेवून मराठीत त्यांना शिव्या घालायची, आणि मी ओट्यापाशी उभी राहून हसायचे. मला मूल नाही. ते दिवस फार चांगले होते, हेही मला कबूल केलं पाहिजे.

तिच्या कामाच्या वेळा उलट्यासुलट्या होत्या. झोप यायची नाही, पाठ धरायची. एकदा अगदी रडकुंडीला आली, म्हणाली, मावशी, डोकं बंदच होत नाही गं. मग मी काय केलं? डॉक्टरकडं नेलं? पाय चेपून दिले? मी कुकर काढला. अर्धी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, घे, शांत झोपशील.

मी दिली. तिनं मागितली नव्हती. कुणी विचारलं असतं तर मी प्रेमानं दिली असं म्हटलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण त्यात आणखी काहीतरी होतं. इतके दिवस मी एकटी घेत होते. आता घरात दोघी होतो.

पुढं तिनं मागितली, मी दिली. मग तिनं मागणं बंद केलं. मला वाटलं, सुटलं. छे — वाटलं कसलं, मी ठरवलं की मला तसं वाटतंय. कुकरमधलं कमी होत होतं ते मला दिसत होतं. माझ्या वस्तूला हात लागला तर मला कळणार नाही? पण विचारायचं म्हणजे काय विचारायचं? माझ्या चोरीच्या मालातून तू का चोरतेस? ती उलट विचारणार, मावशी, तू हे एवढं कशाला ठेवलंयस? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी गप्प बसले. पोर जेवणाच्या ताटावर पेंगायची आणि मी तिला आणखी भात वाढायचे.

एके सकाळी कामाला जाताना तिची गाडी घसरली. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यातल्या डॉक्टरांना तिच्या डोळ्यांवरून शंका आली, तपासण्या झाल्या आणि सगळं बाहेर आलं. सगळं म्हणजे तिचं. नंदा माझ्या दंडाला धरून विचारत होती, ताई, तुझ्याकडं राहत होती ना, कुठून आणल्या तिनं? मी म्हटलं, अगं, खराडीतली ती संगत. आजकालच्या मुलींचं काही सांगता येतं का?

किती सहज आलं तोंडात. नंदानं मग श्रावूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन करून नाही नाही ते सुनावलं. ती मुलगी बिचारी रडत रडत म्हणत होती, काकू, मला खरंच काही माहीत नाही. फोन स्पीकरवर होता. मी नंदाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

श्रावूला व्यसन सोडवण्याच्या केंद्रात ठेवलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी एकदा घरच्यांना बोलावलं, मलाही. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. बाईंनी श्रावूला सगळ्यांसमोर विचारलं, पहिली गोळी कुणी दिली? तिनं मान वर केली नाही. ऑफिसातल्या कुणीतरी, म्हणाली. कुणी? आठवत नाही. बाई समजुतीनं म्हणाल्या, तू खरं बोलत नाहीयेस, आणि खरं बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नंदानं तिथंच तिला थोबाडीत मारली. खोटारडी म्हणाली. आणि खोटारडी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. एक वाक्य बोलायचं होतं. मी दिली. दोनच शब्द. मी पाणी मागितलं.

केंद्रातून ती घरी वारज्याला आली. बरी दिसत होती. थोडी भरली होती, हसत होती. एका शनिवारी माझ्याकडं राहिलेले कपडे न्यायला आली आणि संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. डॉक्टरांनी नंदाला समजावून सांगितलं की मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते, पूर्वीइतकं घेतलं तर ते पेलत नाही. नंदाला यातलं काहीच कळलं नाही. ती एवढंच म्हणत राहिली, पण आता तिनं आणलं कुठून?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर नंदा मला म्हणाली, ताई, तिची खोली माझ्यानं बघवत नाही. तू आवर. तुला सवय आहे.

मी आवरली. तिच्या जुन्या कॉलेजच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात पाकिटं सापडली. एकावर बॉलपेननं ‘रात्री जेवणानंतर’ लिहिलेलं होतं, म्हाताऱ्या बाईच्या थरथरत्या अक्षरात. ते अक्षर मी ओळखत होते. त्या बाईंच्या नवऱ्याची खोली मीच आवरली होती. नंदा दाराबाहेर बसली होती. मी ती पाकिटं ब्लाउजमध्ये सरकवली, बॅग झटकली आणि बाहेर येऊन म्हटलं, काही नाही गं, कपडेच आहेत.

घरी जाऊन कुकर रिकामा केला. मी स्वतःही थांबले. अंगाला कापरं भरायचं, घामानं गादी भिजायची, आठवडेच्या आठवडे. त्याचं कौतुक करू नका.

लोक अजून मला बोलावतात आणि मी अजून जाते. फक्त आता औषधांची पिशवी घरी आणत नाही. घरच्यांना समोर बसवते. जड गोळ्यांसाठी आधी दवाखान्यात फोन करायला लावते, ते परत घेत असतील तर घरच्याच कुणाला तरी पाठवते. कुणी घेत नसेल तर सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवायच्या, चहाच्या ओल्या चोथ्यात कालवायच्या, पिशवीला गाठ मारून कचरागाडीत द्यायच्या. पाकिटावरचं नाव खोडायचं. राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असं कुणी म्हटलं की माझा आवाज चढतो. लोकांना वाटतं, ताई जरा जास्तच करतात. मग कुणीतरी हळूच सांगतं, अहो, त्यांची भाची गेली ना त्यातच. आणि सगळे माझ्याकडं दयेनं बघतात. ती दया मी घेते.

नंदा रोज फोन करते. बोलायचं काही नसतं, तिला एकच विचारायचं असतं. ताई, त्या दिवशी तुझ्याकडं आली होती तेव्हा काही बोलली का गं ती? घरी येऊन तर नुसती झोपलीच. काहीतरी बोलली असेल. आठव ना. मी म्हणते, नाही गं, कपड्यांचंच बोलली. मग ती म्हणते, बरं.

बोलली होती. आल्या आल्या पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, मावशी, तू घाबरू नको हं. मी तुझं नाव कुठंच घेतलं नाही, घेणारही नाही.

आणि मला काय वाटलं? शरम वाटली असती तरी पुष्कळ होतं. मला हायसं वाटलं. इतकं मोकळं वाटलं की मी उठून शिरा करायला घेतला, तिला आवडायचा म्हणून. ती कपडे भरायला आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. कुकर मी टाकलेला नव्हता. श्रावू केंद्रात गेल्यावर त्याची फक्त जागा बदलली होती, त्याच खोलीतल्या माळ्यावर, कारण मला तो लागत होता. हे तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

रवा भाजताना सारखा हलवत राहावा लागतो, नाहीतर करपतो. मी हलवत होते. आतून फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून भांड्याचा, झाकण काढल्याचा. तो कुकरचाच आवाज होता. मी रोज ऐकत होते तो.

हाक मारली असती तर ती बाहेर आली असती. पण मग त्यावर बोलावं लागलं असतं. मी गॅस थोडा बारीक केला आणि रवा हलवत राहिले.