सकाळी चालणारा, दुपारी लुळा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खुनाच्या केसेस विसरलो, दरोड्यातले आरोपी समोर आले तर ओळखणारही नाही. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावरचा तो रंगारी अजून डोक्यातून जात नाही. त्याने सरकारला फसवलं होतं की नव्हतं, हे ठरवताना माझी जेवढी त्रेधा उडाली, तेवढी पुढच्या कुठल्याही तपासात उडाली नाही. नावं कुणाचीच सांगत नाही, त्यांची गरजही नाही.

काळ ऐंशीच्या दशकातला. मी तेव्हा फौजदार होतो. निराधार आणि अपंग लोकांना सरकार दरमहा अनुदान देऊ लागलं होतं. अर्ज तहसील कचेरीत जायचे आणि तिथेच धूळ खायचे. मग वरून हुकूम आला की लकवा, अंधत्व, कर्करोग असल्या गंभीर दुखण्यांचे अर्ज रांगेबाहेर काढून ताबडतोब मंजूर करावेत. हुकूम चांगलाच होता. पण त्यात जी दुखणी लिहिली होती त्यांनाच तो लागू होता, बाकीच्यांनी पूर्वीसारखं थांबायचं.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक बाई आली. मूळची कोकणातली. तिचा नवरा गिरणीत होता आणि कापसाच्या धुळीने छाती निकामी होऊन घरी बसला होता. तिचं म्हणणं असं, की शेजारचा रंगारी लकव्याचं अनुदान घेतो आणि रोज पहाटे नळावरून भरलेला हंडा खांद्यावर टाकून डोंगर चढतो. तिच्या नवऱ्याला मात्र चार पावलं चालली की धाप लागते, आणि त्याचा अर्ज कधीचा पडून आहे. ठाणे अंमलदाराने तिला हटकलं, की नळावर भांडणबिंडण झालंय का.

"भांडण रोजचंच आहे," ती म्हणाली. "पण मी खोटा कित्याक बोलू? उद्या या नि डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत गेलो. उताराच्या पायथ्याशी पालिकेचा एक नळ, त्याला पाणी यायचं ते पहाटेच. हंडे-कळशांच्या रांगेत बाईने खुणेने दाखवलेला तो इसम उभा होता. त्याची पाळी आली, हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि धडधाकट माणसासारखा वर चढून गेला. परत येऊन दुसरा नेला. मी खूश झालो. इतकी सोपी केस फौजदाराच्या नशिबी क्वचित येते. कलम ४२० लावून गुन्हा दाखल केला आणि तहसील कचेरीला तसं पत्र दिलं. पत्र मिळताच त्यांनी त्याचं अनुदान थांबवलं.

गोंधळ सुरू झाला तो तिथल्या कारकुनाचा जबाब घेताना. कारकून शपथेवर सांगू लागला, की दुपारी पडताळणीच्या वेळी या माणसाला दोघांनी उचलून आणलं होतं, त्याला मानसुद्धा धरवत नव्हती. डॉक्टरांनीही तसाच दुपारी पाहून लकव्याचा दाखला दिला होता. ते नाटक असेल तर मी नोकरी सोडतो, असं कारकून म्हणाला. बाई खरं बोलत होती हे मी स्वतः पाहिलं होतं. कारकूनही खोटं बोलणारा वाटेना. दोघांपैकी एकजण खोटा, हे आमच्या खात्यातलं पहिलं गणित, आणि ते इथे सुटत नव्हतं.

इसमाला बोलावणं धाडलं. तो सकाळीच आपल्या पायांनी चालत आला. माझ्या हाताखाली एक जुने हवालदार होते. आरोपीचा चेहरा वाचावा तो त्यांनीच. त्यांच्या मते गुन्हेगाराची मान आधी पडते, मग नजर, मग आवाज, आणि आवाज पडला की तो फुटलाच. त्यांचा हा हिशोब मी कधी चुकलेला पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "तू पाणी भरतोस?"

"भरतो साहेब," तो म्हणाला. "बायको उजाडायच्या आत धुण्याभांड्यांना जाते. घरासाठी दिवसभरात तेवढं एक काम माझ्याच्यानं होतं. तेपण सोडू का?"

आरोपी पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला की तपास अधिकाऱ्याचा पाय जमिनीवर टेकत नाही. माझा टेकला, कारण पुढचं काहीच जुळत नव्हतं. तो सांगत होता, की आधी रंगाचा ब्रश वर धरवेनासा झाला. मुकादमाने कामचोर म्हणून काढून टाकलं. सकाळी हात चालतात, दुपारपर्यंत जीव जातो. मग दाखल्यावर लकवा कसा, असं विचारलं तर म्हणाला, ते डॉक्टरांना माहीत, मी कुठं सांगितलं.

प्रश्नोत्तरं लांबली. दुपार झाली तशी त्याची मान पुढे कलू लागली. पापण्या अर्ध्यावर आल्या. आवाज बारीक झाला, नाकातून येऊ लागला. हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुंडी गेली, नजर गेली, आवाजपण गेला. आता फुटतोय बघा." थोडा पाहुणचार करू का, असंही त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी नको म्हटलं. दया आली म्हणून नव्हे, नक्की काय चाललंय ते मलाच कळत नव्हतं म्हणून. त्याला बाकड्यावर पडू दिलं आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवून येतो तर गडी झोप काढून ताठ बसलेला. डोळे उघडे, आवाज खणखणीत. हवालदार कपाळाला हात लावून म्हणाले, की साहेब, असला नटसम्राट नोकरीत पाहिला नाही. मलाही तेच वाटलं आणि रागही आला. मी लिहिलेला जबाब त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "मोठ्याने वाच. शेवटपर्यंत."

चौथी शिकलेला होता. पहिलं पान त्याने नीट वाचलं. दुसऱ्या पानावर शब्द घसरू लागले. कागद धरलेला हात हळूहळू खाली आला, त्याने तो दुसऱ्या हाताने उचलून धरला, मग दोन्ही हात मांडीवर पडले. आवाज पुन्हा नाकात गेला. तरी तो वाचतच होता, कारण मी थांब म्हटलं नव्हतं. शेवटी मी थांबवलं आणि त्याच्यापुढे चहा सरकवला. त्याने कपाशी तोंड नेऊन कष्टाने घोट घेतला आणि तो चहा त्याच्या नाकातून बाहेर आला.

पाय ओढण्याचं सोंग आणता येतं, मान टाकण्याचं येतं. पण नाकातून चहा काढायचं सोंग कोण आणणार? इसमाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसायला हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलेना. हवालदारांनी स्वतःचा रुमाल काढला आणि त्याचं तोंड पुसलं. मला त्या क्षणी भीती वाटली. हा माणूस इथेच ठसका लागून मेला असता.

जीपमध्ये घालून त्याला थेट मोठ्या इस्पितळात नेलं. बायकोला निरोप धाडला, तीही येऊन बाहेरच्या बाकावर बसली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला वर बघत राहायला सांगितलं, पापण्या मिटत गेलेल्या पाहिल्या, आणि दंडात एक इंजेक्शन दिलं. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. थोड्याच वेळात त्याच्या पापण्या वर जाऊ लागल्या. मान उचलली. त्याने बायकोला हाक मारली ती बाहेरच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेली आणि ती धावत आत आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कुणाच्या नुसत्या बघण्याने माझे डोळे भरून आलेले मला आठवत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वापरलं की शक्ती संपते, विश्रांती घेतली की थोडी परत येते. मी मनात जुन्या सेलच्या बॅटरीचा विचार केला. ती बंद करून ठेवली की जरा वेळ पुन्हा लागते.

आता सुटलो असं वाटलं, तर तहसील कचेरीत नवाच घोळ. हुकुमात लकवा होता, हे नाव नव्हतं. जुना दाखला ठेवला तर माणूस लबाड ठरतो, खरा दाखला आणला तर रांगेच्या शेवटी जातो, आणि गोळ्या तर आजपासून घ्यायच्या होत्या. मी तहसीलदारांना एकच विनंती केली, की याला सकाळी बघा आणि दुपारीही बघा. ते भले गृहस्थ होते. त्याला दिवसभर समोर बसवून ठेवलं, आणि संध्याकाळी गंभीर दुखणं म्हणून अनुदान पुन्हा सुरू करण्याचा शेरा मारून सही केली.

राहिला गुन्ह्याचा निकाल. आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "ए, बी की सी?" तपास बंद करताना कोर्टाला जो अहवाल पाठवतात त्याला आम्ही समरी म्हणतो. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नसेल तर ए समरी, फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर बी, आणि गैरसमजातून झालेली, म्हणजे ना खरी ना खोटी, तर सी. बी केली असती तर बाईवरच खटला झाला असता. मी सी समरी पाठवली. कोर्टाने मान्य केली, पण मला मात्र आजही त्या प्रकरणाला कुठलं अक्षर द्यावं ते उमगलेलं नाही.

बाईला सगळं सांगायला मी स्वतः गेलो. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्या घोवाचं दुखणं गंभीर न्हाय?" मी तिथून तहसील कचेरी गाठली. तिच्या नवऱ्याचा अर्ज वर काढा म्हणून कारकुनाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, बघू.

पुढे एकदा पहाटेच्या गस्तीवर त्याच नळापाशी जीप थांबवली. रंगारी रांगेत उभा होता. त्या बाईने त्याचा हंडा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन नळाखाली ठेवला. मागची एकजण कुरकुरली, तशी बाई तिच्यावर खेकसली, "जाऊ दे गं त्याला. त्याचा दिवस दुपारी संपतो."

नंतर मागे जाऊन ती आपल्या कळशीपाशी उभी राहिली. मला बघून तिने नुसती मान हलवली. तिच्या नवऱ्याचा अर्ज अजून तहसील कचेरीतच होता.