भाऊबीजेचा रिकामा पाट

उत्तनच्या आमच्या आळीत एखादीला भाऊ नसला तर तो शेजारून उसना मिळायचा. माझ्या पाठीवरचा मुलगा टिकला नाही, तेव्हा आईने पलीकडच्या घरातला, माझ्याच वयाचा पोरगा भाऊबीजेला पाटावर बसवायला सुरुवात केली. त्याच्या आईकडे मुलगे उदंड होते, ती खुशीने धाडायची. तो यायचा तो करंज्यांसाठी. एका वर्षी ओवाळणी घालायला काहीच सापडेना, तेव्हा या महाशयांनी खिशातून सुका बोंबील काढून निरांजनाशेजारी ठेवला. मी तोच उचलून त्याच्या डोक्यात मारला. आई हसून हसून बेजार झाली. एरवी तिला हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

पुढे लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं आणि तो काकाच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. आमची भांडणं पहिल्यासारखीच चालू होती. होडी लागली की ज्यांचं माणूस तिच्यावर असेल त्या बायका किनाऱ्याकडे धावायच्या. मीही धावायची, आमचा मासळीचा वाटा आणायला. आमचा त्या होडीत वाटा नव्हताच, पण हे विचारायची कोणाची टाप होती?

मग एका भाऊबीजेला त्याला कुंकू लावताना माझं बोट त्याच्या कपाळावर रेंगाळलं. टिळा वाकडा गेला. त्याने वर पाहिलं नाही, मीही खाली पाहिलं नाही.

"आज काय झाला गो तुज्या हाताला?" आई म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला भाऊ म्हणून ओवाळायचं त्याच्याबद्दल असं वाटावं! त्यानंतर वर्षभर देवळात गेले की देवीच्या तोंडाकडे बघवत नसे. पायांकडे बघून हात जोडायची आणि निघायची.

पुढच्या भाऊबीजेला तो आलाच नाही. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आई दारात येरझाऱ्या घालतेय. ऊन कललं तेव्हा म्हणाली, "जा, बघून ये. दुखनाबिखना आला का त्याला." मी रागाने धुमसत किनाऱ्यावर गेले. बोंबील सुकवायच्या बांबूंना तो दोऱ्या ताणत उभा होता. चांगला ठणठणीत.

"आय वाट बघते तुजी. लाज न्हाय वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "म्हनूनच न्हाय आलो."

"म्हंजे?"

"मना तुजा भाऊस न्हाय व्हायचा."

दोरीची गाठ त्याने उगाच सोडली आणि परत बांधली. मी चिडायला हवं होतं. मला आनंदच झाला. आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटली, कारण घरी आई पाटाजवळ बसली होती. वर्षातून एक दिवस तिला मुलगा मिळायचा, आणि तोच मी तिच्यापासून काढून घेत होते.

घरी आले तर ती म्हणाली, "कवा येतो?"

खोटं सांगावं तर ती स्वतः त्याच्याकडे गेली असती. खरं सांगायची जीभ होईना. जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. बाहेर समुद्रावर बीजेची कोर दिसत होती, थोड्या वेळात बुडणार होती. मी ताट उचललं, अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळू लागले.

समोरच्या ओट्यावर बायका दोरीवर टाकायला बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या लावत बसल्या होत्या, त्यांत त्याची आईही होती. सगळ्यांचे हात थांबले. एक जण ओरडलीच, "काय गो, भाऊस असून चंद्राला ओवालतेस?"

माझी मान वर होईना. कान तापले होते, पण ओवाळणं मी थांबवलं नाही. मागे आईची पावलं वाजली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग किनाऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आता कानाखाली बसणार, अशी माझी खात्री झाली.

"भाऊस कुटं हाय तिला?" आई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "न्हाय माज्या पोरीला भाऊस."

मग आत जाऊन तिने पाट पदराने पुसला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

आमचं लग्न झालं, सगळं रीतसर झालं. पण माझा भाऊ गेल्यापासून आईने 'भाऊस न्हाय' हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते, आणि काढले ते माझ्यासाठी.