तोच मुद्दा तिकडं

मी हर्षाली, शाळेत मराठी शिकवते. माहेर परंड्याकडचं, सासर लोहारा तालुक्यातलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावातल्या कुत्र्या-मांजरांनाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट माझ्या रागाची नाही, माझ्या सासूबाईंची आहे. सिताबाई त्यांचं नाव. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

आत्या अजून खुरपायला जातात. घरात ‘बसा’ म्हटलं की, ‘बसून काय अंडी घालू?’ असं विचारतात. गुडघे दुखतात, पण ते मान्य करतील तर शपथ. भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा त्यांची तीन वर्षांची लेक गेली. तुळजा. माझा नवरा उत्तरेश्वर मामाच्या गावी होता म्हणून राहिला. तुळजाचा एकही फोटो नाही. आणि वर्षभरापासून आत्यांच्या जिवाला एकच घोर लागलाय, पोरीचं तोंड पुसट व्हायला लागलंय.

“हसली की गालाला खळी पडायची,” त्या मला सांगतात. “पर कोणत्या गालाला गं? तेच आठवंना झालंय.”

मी काय सांगणार, कपाळ? मी कुठं बघितलं होतं तिला? उत्तरेश्वरला विचारावं तर तो म्हणतो, मी लहान होतो, आणि उठून जातो. तुळजाला रोज अंगाखांद्यावर खेळवलेली एकच बाई जिवंत आहे, नागूबाई. जुन्या गावातली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. आणि आत्या तिच्याशी तीसएक वर्षं बोललेल्या नाहीत. बांधाचं भांडण असेल, असं मी लग्न होऊन आल्यापासून धरून चालले होते.

गेल्या महिन्यात सातवीला तुलनात्मक निबंध शिकवत होते. विषय दिला, ‘जुनं गाव आणि नवं गाव’. पोरांनी जे दिवे लावले ते विचारू नका! एक लिहितो, जुन्या गावात गोड पाण्याची विहीर होती, नव्या गावात डांबरी रस्ता आहे. अरे बाबा, विहीर आणि रस्ता एका तराजूत कसे घालशील? मी फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि ओरडून सांगितलं, “जो मुद्दा इकडं, तोच मुद्दा तिकडं! इकडं पाणी काढलं तर तिकडं पाणीच काढायचं. सारखं काय ते आधी बघा, फरक मग सांगा. एका बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नाही.”

पोरं माना डोलवत होती, पण त्यांच्या आईबापांनाच जुनं गाव धड आठवत नाही. म्हटलं, नमुना आपणच लिहावा. रविवारी आत्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी वही घेऊन समोर बसले.

पाणी झालं, रस्ते झाले. घराचा मुद्दा काढला तर आत्या फटाफट बोलल्या, “जुनं माळवदाचं व्हतं, उन्हाळ्यात गार. पर त्येच अंगावर पडलं. हे नवं तापतंय, पर भ्या वाटत न्हाय.” बघा, माझ्या सातवीपेक्षा बरं उत्तर! मग मी म्हटलं, “आता शेजार.”

“शेजार म्हंजी नागू,” आत्या म्हणाल्या. “मधल्या भितीत भोक पाडलं व्हतं आमी, हात जाईल एवढं. कालवणाची वाटी हिकून तिकडं, तिकून हिकडं. तुळजी तिच्याकडं जेवायची आन माझ्याकडं झोपायची.”

“आणि नव्या गावात?”

सूप थांबलं. “नव्या गावात मला शेजार न्हाय.”

मी खोदून विचारलं तेव्हा कुठं सांगितलं. जमिनीच्या हिशोबानं घरं वाटली, नागूबाईंचं रान मोठं, म्हणून त्यांना वरच्या अंगाला मोठं घर मिळालं. “त्येचं काय न्हाय गं. पर माझी लेक गेली आन ती भेटाया आली न्हाय. सोयरे आले, दुखवटा घेऊन माहेरची आली, सारा मुलुख येऊन गेला. तीच न्हाय. दुःखाच्या घरानं आपला उंबरा सोडून कुणाच्या दारी जायचं नसतं, लोकांनी यायचं असतं. म्या वाट बघितली.” पुन्हा सूप हलवत म्हणाल्या, “अजून बघतीया.”

माझं डोकंच फिरलं. एवढं लेकरू सांभाळणारी बाई, आणि त्याच लेकराच्या दुःखाला येत नाही? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कुटी सरळ वरच्या अंगाला घातली. चार शब्द सुनावायचेच होते, निबंध आपला निमित्ताला.

नागूबाई ओट्यावर बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, कपाळाला विभूती. मी मुद्दे विचारत गेले. शेजार म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

“यव्वा! शेजार म्हंजी सिता. तिची पोरगी माझ्या कडंवरून उतरायची न्हाय. पर सितानं लई वाईट केलं बाई माझ्याशी. त्याच राती आमचे मालक गेले. मानिकप्पा. माझं कपाळ मोकळं झालं, आन ती एकदा आली न्हाय. दुःखाच्या घरानं भाईर पडायचं नसतंय, न्हाय तर म्याच गेले असते तिच्याकडं. लोकांनी यायचं असतंय.”

शब्दन् शब्द तोच. राग तरी कुणावर काढू? दोघी रीत पाळून बसलेल्या. ज्यांनी ही रीत घातली, त्यांनी एका रात्रीत अख्खं गावच दुःखाचं घर होईल, हे कुठं धरलं होतं? मग आधी उठायचं कुणी?

घरी आले. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“आत्या, शेजाराच्या मुद्द्याला तुम्ही एकच बाजू सांगितली.”

“मंग?”

“ती आली नाही, खरं आहे. आता तोच मुद्दा तिकडं लावा. त्याच रात्री तिचा नवरा गेला. तुम्ही गेलात?”

आत्या उसळल्या, “म्या कशी जाणार? माझी लेक गेलेली, म्या दुःखाच्या घरची...” आणि मध्येच थांबल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. “आगं आई गं,” त्या हळूच म्हणाल्या, “ती बी बसलीया व्हय वाट बघत?”

मग पिठाचे हात धुतले. “ऊठ. गाडी काढ.”

“आत्या, जेवून तरी जाऊ.”

“एवढी वर्सं गेली, आता भाकरीपायी थांबू व्हय?”

नागूबाई अजून ओट्यावरच होत्या. आत्या पायरी चढल्या आणि ‘कशी हाईस’ नाही, ‘बरं हाय का’ नाही, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि कालच माणसं गेल्यागत रडल्या. नागूबाईंनी हंबरडा फोडला, “तुळजे, माझी बाई गं!” या गावात मी इतकी वर्षं आहे, पण आमच्या घराबाहेर कुणाच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

डोळे पुसून आत्यांनी विचारलं, “नागू, खळी कोणत्या गालाला पडायची गं तिच्या?”

“डाव्या,” नागूबाई लगेच म्हणाल्या. “आन हसली तरच न्हाय, रडायच्या आधी बी पडायची. म्या वळखायची, आता भोकाड पसरतीया म्हणून.”

आत्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसल्या.

“माझं बी एक काम कर,” नागूबाई म्हणाल्या. “मालकांचा फोटू हाय भितीवर. पर फोटूत ताठ बसल्यात. घरात कवा तसं बसलं न्हाईत. मला त्यांचं हसणं आठवंना झालंय सिते. तुला भितीपल्याड ऐकू यायचं. कसं हसायचे?”

आत्यांनी आधी डोक्यावरचा पदर नीट केला, दुसऱ्याच्या मालकाचा विषय म्हणून. मग मान मागं टाकली आणि छातीतून, गड्याच्या आवाजात, मध्येच ठसका लागल्यागत खो खो हसल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

नागूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आसंच. आनखी एकदा हस.”