पाणमांजरांच्या मागावर

"झाली का तुमची पाखरं? चला पुढं!"

मी दुर्बीण डोळ्यांना लावून दोन मिनिटंही होत नसत, तोच रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजायचा. दर रविवारी सकाळी ते थळच्या नाक्यावर माझी वाट पाहत उभे असत. उभे म्हणजे, रिक्षाभोवती फेऱ्या मारत. साठी उलटली होती, पण पाय एका जागी ठरत नसत.

पक्षी बघणाऱ्यांना ठाऊक असेल, आपल्याला गप्प थांबणारा सोबती लागतो. काका नेमके उलट. मी चिखल्या पक्ष्यांच्या थव्यात गुंतलेली असताना ते खाडीच्या बांधावर ओणवे होऊन विष्ठा तपासायचे. "ही बगा ताई, खवलं हायत हिच्यात. पाणमांजर येऊन गेलंय." काडीनं उकरून वास घ्यायचे आणि त्याच हातानं मला वडापाव द्यायचे. मला तेव्हा कधीच भूक नसायची.

तिवरांच्या झाडीतून कोल्हा निघाला तरी त्यांना त्याचं काही नसे. "पाणमांजराचंच एवढं काय, काका?" एकदा मी विचारलंच.

रिक्षाच्या चाकाला उगाच पाय मारत ते म्हणाले, "तरणा होतो तवा आमच्या तलावावर फासा लावलेला. मासं खायची ना ती. मादी अडकून मेली. पिल्लं तीन दिस बांधावर वरडत होती. चौथ्या दिसाला गप झाली. तवापासून सोदतोय, कुटं हायत का."

त्या दिवशी मी दुर्बीण पिशवीत ठेवली आणि त्यांच्याबरोबर बांधभर ठसे शोधत हिंडले.

गेल्या हिवाळ्यात बांधाच्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायच्या दारापाशी, चिरकं ओरडणं ऐकू आलं. नायलॉनच्या जाळ्यात पाणमांजर गुरफटलं होतं आणि भरती चढत होती. मी फोनवर वनखात्याचा नंबर शोधतेय, तोवर काका कमरेएवढ्या चिखलात.

"काका, चावेल!"

"चावू दे!"

अंगातला खाकी शर्ट त्यांनी त्याच्या डोक्यावर टाकला आणि सुरीनं जाळं कापत सुटले. शेवटचा धागा तुटताच पाणमांजर त्यांच्या मनगटाला कडकडून चावलं, आणि पाण्यात गडप झालं. रक्ताळलेला हात छातीशी धरून काका चिखलातच बसून राहिले.

इंजेक्शनं पुरी झाली, जखम भरत आली. पण त्यांच्या मुलीनं रिक्षा विकून त्यांना पनवेलला न्यायचं ठरवलं. चार महिन्यांनी ते झोपेतच गेल्याचा तिचा फोन आला.

मला मात्र ते पनवेलला निघाले ती सकाळ आठवते. काका गाडीत मागच्या सीटवर होते. धूळ येते म्हणून मुलगी काच वर करत होती आणि खाडी दिसत नाही म्हणून काका खाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती काच खालीवर होत राहिली.