बापूकाकांनी लिहिलेलं कारण

बापूकाका खडूस होते. आज सकाळी ते गेले, म्हणून मी काही वेगळं लिहिणार नाही.

कसबा पेठेत त्यांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर. बाजारात सीडी आल्या, मग त्याही गेल्या. काका आपले तिथेच बसून होते.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला ते दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे. त्यावर बिघाडाचं कारण.

एका रेडिओवर मी स्वतः वाचलंय, "कारण: मालक."

दुसऱ्यावर, "कारण: मालकाचा हुशार मेहुणा."

गिऱ्हाईक चिडलं तर म्हणायचे, "खोटं असेल तर खोडा."

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन.

आम्ही यवतमाळचे. मी इकडे पुण्यात, खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. बाबा वारले आणि मी आईला मांजरी भागातल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. तिने सोबत दोन बॅगा आणि तो प्लेअर आणला.

पहिल्याच आठवड्यात ती रडत म्हणाली, "मीनंच खराब केला वं तो."

झालं होतं असं. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा तो लांब दांडा, जड फिरायला लागला होता. बाबा बाजारात गेलेले बघून आईने त्याच्या बुडाशी खोबरेल सोडलं. आपण दाराच्या बिजागरीला सोडतो तसं. उन्हाळाभर छान चाललं. थंडी पडली, आत तेल थिजलं, धूळ धरून चिकटलं आणि दांडा जागीच अडकला, तो पुढच्या उन्हाळ्यातही सुटला नाही.

बाबांच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत एकही रेकॉर्ड धड वाजली नाही. बाबांना वाटायचं, सुई गेली. गावात दुरुस्त करणारं कोणी उरलं नव्हतं. आई भीतीने गप्प बसली.

"तुह्या बाबाइले शेवटी गाणं ऐकू आलं नाही, माह्यामुळं."

हे ती रोज म्हणायची. जेवताना, टीव्ही बघताना, कपड्यांच्या घड्या घालताना.

मी ठरवलं, हा प्लेअर वाजलाच पाहिजे.

काकांनी एका बोटाने आर्म हलवून पाहिला.

"दुरुस्त करून मिळणार नाही. माझे हात थरथरतात. डोळे शाबूत आहेत. तुमचे हात चालत असतील तर शनिवारी या."

"काका, मला यातलं काही येत नाही."

"ते दिसतंच आहे. शनिवारी या."

गेले. ऑफिसमध्ये सांगून टाकलं, रिलीज असो नाहीतर काही असो, शनिवारी मी मिळणार नाही. मॅनेजरला वाटलं, माझं लग्न ठरतंय.

पहिल्या शनिवारी फक्त चित्र काढलं. कुठला स्क्रू कुठे. मोबाइल बाहेर काढला तर म्हणाले, "फोटो नको. हाताने काढा, डोक्यात राहतं."

दुसऱ्या शनिवारी मागचं वजन काढलं, सुईचं डोकं काढलं. दांड्याच्या नळीतून केसासारख्या चार वायरी जातात. त्यातली हिरवी मी तोडली.

"तोडलीत."

"सॉरी काका."

"सॉरीतून करंट जात नाही. नवीन ओढ."

त्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. मला फार बरं वाटलं होतं.

मग बेअरिंग. ते परातीत उघडलं, छर्रे घरंगळू नयेत म्हणून. मोहरीहून लहान छर्रे, आणि त्यांच्याभोवती तपकिरी चिकटा.

काकांनी वास घेतला. "खोबरेल."

मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं, दोन हिवाळ्यांचं, तिच्या रोजच्या रडण्याचं. ते एवढंच म्हणाले, "पेट्रोल घे. धू."

तीन शनिवार मी धूत होते. खराब झालेले छर्रे काकांनी एका जुन्या आर्ममधून काढून दिले. शेवटचा स्क्रू तर विचारूच नका. जरा घट्ट झाला की आर्म अडकतो, जरा सैल झाला की डुगडुगतो.

"अजून. अजून. आता जास्त झालं. मागे ये."

दोन शनिवार हेच. हाताला वळ आले, पण मी सोडलं नाही. शेवटी नुसती फुंकर मारली आणि आर्म सरकला.

काका म्हणाले, "हं."

प्लेअर न्यायला आई माझ्यासोबत आली. चिठ्ठ्यांचे किस्से मीच तिला सांगून बसले होते. ती पायरीवरच उभी राहिली, आत येईना.

काकांनी थरथरत्या हाताने चिठ्ठी लिहिली. स्वतःच बांधली. बराच वेळ लागला, पण मदत करायची माझी हिंमत झाली नाही.

आईने वाचलं. "कारण: वय."

"तेलानं नाही?"

"वहिनी, चाळीस वर्षांचा आर्म आहे. अडकणारच होता. तेलाचं काय घेऊन बसलात?"

मी काकांकडे बघतच राहिले.

"न्या आता. गर्दी करू नका."

दुकानात आमच्याशिवाय कोणीही नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी बाबांची रेकॉर्ड वाजली. आई प्लेअरवर हात ठेवून बसली होती. त्यानंतर तिने ते वाक्य पुन्हा कधी काढलं नाही.

आज सकाळी काकांच्या घरून काकूंचा फोन आला. आईला सांगितलं तर ती प्लेअरपाशी जाऊन बसली. म्हणाली,

"त्याइनं खोटं लिवलं होतं. मले तवाच समजलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काहून बोलू? कोनाले न सोडनारा मानूस, त्यानं माह्यासाठी खोटं लिवलं. मीनं म्हटलं, आता रडनं बस झालं."

मग डोळे पुसून उठली. "चाल. मलेही यायचं हाये."

दोघी जाऊन आलो. मी तिथे खूप रडले, लाज नाही वाटली.

काकांच्या टेबलावर, गेल्या शनिवारी मी उघडायला घेतलेला एका गिऱ्हाइकाचा आर्म अर्धा उघडा पडला आहे. काकूंकडून दुकानाची किल्ली मागून घेतली आहे. तो मी पूर्ण करणार.

काका, मनापासून नमस्कार. येते.