टेकडी भागिले डंपर

धायरीच्या हिंदुरावांकडे सगळं होतं. घरामागे वडिलोपार्जित टेकडी, ती खणायला एक पोकलेन आणि निघालेला मुरूम विकायला तीन डंपर. नव्हता तो मान. ज्यांच्या इमारतींच्या पायात त्यांचा मुरूम गेला, तेच नोकरदार पालक शाळेच्या फाटकाशी त्यांना 'डंपरवाले' म्हणायचे, आणि सोसायटीच्या बागेसाठी एक गाडी फुकट मिळेल का, हेही तेच विचारायचे. सहावीतल्या तेजस्विनीने बापाचा धंदा एकदा तरी मान वर करून सांगावा, एवढीच हिंदुरावांची हौस. पोरगी मात्र फॉर्मवर 'व्यवसाय' एवढंच लिहून मोकळी व्हायची.

अशात शाळेने टूम काढली. खनिजं आणि खाणकामाचं प्रदर्शन बघायचं आणि त्या एकाच प्रदर्शनातून विज्ञान, इतिहास, भूगोल, गणित, भाषा असे पाच विषय शिकायचे. पाच रकाने, एक तक्ता. आता या शाळेत तक्ते मुलं करतात असा कुणाचा समज असेल, तर तो आधी काढून टाकावा. तक्ते पालक करतात. मुलं फक्त बक्षीस घ्यायला स्टेजवर जातात. एरवी हिंदुराव या शर्यतीत नसायचे. पण ग्रुपवरची सूचना वाचून त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला! ह्यो तर आपला विषय हाय!" सोबतीला पालक हवेत म्हटल्यावर पहिलं नाव त्यांचंच लागलं.

प्रदर्शनात त्यांचा थाट बघण्यासारखा होता. कडक पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल. कोळसा आणि मँगनीज त्यांनी उभ्या उभ्या उरकले, काळ्या दगडापाशी मात्र ठाण मांडलं. स्टॉलवरची मुलगी बिचारी पाठ केलेलं म्हणत होती, "हा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन..."

"ताई, जरा थांबा. हे आमच्या घरचं हाय," हिंदुराव म्हणाले आणि जे सुरू झाले! दगड कुठे फुटतो, मुरूम कुठे लागतो, पोकलेनच्या एका बकेटमध्ये किती मावतो. वर्गशिक्षिका प्रियदर्शनी मॅडम त्यांना आजवर 'गाडी जरा पुढे घ्या' याखेरीज काही म्हणाल्या नव्हत्या. त्याही म्हणाल्या, "वा, केवढा अनुभव आहे आपला!" झालं! हिंदुरावांचे पाय जमिनीवर राहीनात.

तेजू वही घेऊन मागेच होती. "बाबा, एका डंपरात किती मुरूम?"

"कागदावर तीन ब्रास, गाडीत पाच," बाबांनी ऐटीत सांगितलं.

"रोज किती खेपा?"

"चाळीस! सणासुदीलाबी बंद न्हाई."

"आणि टेकडी तयार व्हायला किती वर्षं लागली?"

हे काही बाबांना येईना. स्टॉलवरच्या मुलीने सांगितलं, साडेसहा कोटी. "बघ!" हिंदुराव तीस पोरांदेखत म्हणाले, "आन् आपण सव्वादोन वर्सांत आणली खाली!" लेकीने तेही लिहून घेतलं. माणसाने फुशारकी जरूर मारावी, पण समोर कुणी वही उघडून बसलं असताना मारू नये.

तक्ता तिने एकटीनेच केला. बाबांनी न वाचता लॅमिनेट करून आणला आणि खाली 'मुरूम, खडी, क्रश सँड' लिहून आपला मोबाइल नंबर तेवढा टाकून घेतला.

पालकसभेत तेजस्विनी स्टेजवर उभी राहिली. "माझे बाबा आमची टेकडी खणून विकतात," ती खणखणीत आवाजात म्हणाली. हिंदुरावांची छाती वीतभर फुगली. मग रकाने सुरू झाले. विज्ञान: बेसाल्ट. इतिहास: पणजोबा वर गुरं चारायचे, मोर यायचे. भूगोल: पावसाचं पाणी आता ओढ्याला न जाता खालच्या आळीतल्या घरांत शिरतं. गणित: कागदावर तीन, गाडीत पाच, म्हणजे रोज ऐंशी ब्रास कुठेच लिहिलेले नसतात. उरलेली टेकडी, बाबांच्याच अंदाजाने तीन हजार आठशे ब्रास, भागिले रोजचे दोनशे, उत्तर एकोणीस दिवस. भाषा: 'विसाव्या दिवशी आमच्या घरामागे काय दिसेल, यावर मला निबंध सुचला नाही.'

हिंदुराव खुर्चीत खाली सरकले. आता कुणीतरी उठणार, चार माणसांत आपली अब्रू काढणार! कशाचं काय! टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम गहिवरून म्हणाल्या, "पाचही विषय किती छान गुंफलेत!" पहिलं बक्षीस तेजूला मिळालं. एका सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर साहेब तर लगबगीने जवळ आले. "अहो हिंदुराव, एकोणीसच दिवस राहिलेत म्हणता? मग शंभर ब्रास आमच्या पार्किंगला धरून ठेवा हं." आज पहिल्यांदाच त्यांनी 'डंपरवाले' म्हटलं नव्हतं. हिंदुरावांना मात्र त्याचा आनंद होईना.

घरी जाताना गाडी सिंहगड रस्त्यावर सिग्नलला थांबली. तेजू म्हणाली, "बाबा, माझं गणित बरोबर होतं ना?"

हिंदुरावांनी मनातल्या मनात तीनदा भाग दिला. कुठेतरी चूक सापडावी, असं त्यांना फार वाटत होतं. "बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले.

"मग उद्यापासून पोकलेन बंद करा ना. उरलीय तेवढी राहू दे."

"करू की! न्हाई कोण म्हणतंय? तुझी परीक्षा होऊ दे, मग निवांत बघू."

"परीक्षा संपायला पंचवीस दिवस आहेत, बाबा."

हिंदुरावांनी जोरात हॉर्न दाबला. पुढचा स्कूटरवाला मागे वळून म्हणाला, "अहो, सिग्नल लाल आहे."