मशेरी आईची, रक्त मुलीचं

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. खुर्चीतल्या पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मग सोबत आलेला माणूसच सगळं सांगतो! किन्हवलीत दवाखाना टाकून मला बारा वर्षं झाली. माझं निम्मं शिक्षण या सोबतच्या माणसांनी केलंय.

*

खर्डीहून एक आजोबा आले. खिशातून पुडी काढली, पुडीत दात!

"हलत होता, मीच काढला."

"मग आता मी काय करू?"

"बरोब्बर काढलाय काय ते बघा!"

दात मुळासकट आला होता. मी गंभीर चेहरा करून आजोबांना पास केलं.

*

मशेरी सोडा म्हणून सांगताना रोज माझा घसा कोरडा पडतो. एका मावशींनी तीन दिवस सोडली आणि चौथ्या दिवशी भांडायलाच आल्या. "सकाळचं पोट साफ होईना! दात काय करायचेत मला?"

*

त्यामुळे हिरड्यांतून रक्त म्हटलं की माझं भाषण ठरलेलं. आटगावची एकोणीस वर्षांची सुनंदा आईबरोबर आली. आठ दिवस रक्त येत होतं, पेरू चावला तरी लाल व्हायचा. मी लगेच सुरू झालो, "आधी मशेरी बंद!"

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टर, मशेरी मी लावते. रक्त हिला येतं!"

मी ओशाळलो आणि तेव्हा कुठे नीट बघितलं. दात स्वच्छ, तरी हिरड्या सुजलेल्या, रक्त झिरपतंय. दंडावर निळे डाग.

"कुठे आपटलीस गो?"

"कुठंच नाय."

मी हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. आई चिडली. "आमी दात दाखवायला आलो, नि तुमी हाताला सुई टोचायला सांगता!"

रिपोर्ट आला. प्लेटलेट अगदी कमी, पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. त्याच दिवशी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. वेळेत पाठवलंत, असं तिथले डॉक्टर मला म्हणाले. पण माझे डोळे उघडले ते तिच्या आईने. ही पोरगी वाचू दे, एवढंच पुढे कित्येक महिने माझ्या मनात होतं.

*

परवा सुनंदा आली. केस नुकते उगवलेले, बोटभर. उपचार संपले होते आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने बंद असलेली ताजी फळं खायची परवानगी त्याच आठवड्यात मिळाली होती. खुर्चीत न बसताच तिने पिशवीतून पेरू काढला, कचकन चावा घेतला आणि तो उष्टा पेरू माझ्या नाकासमोर धरला.

"बघा डॉक्टर! पांढराफेक हाय!"